ग्रंथशोधाची परीक्षा प्रत्यक्ष ग्रंथालयात घ्यावी

महोदय,

महाविद्यालयीन ग्रंथालयांतील ग्रंथनोंदींच्या कार्डांची लाकडी कपाटे जाऊन ‘सोल’ किंवा ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालींवर ग्रंथांच्या संगणकीय तालिका (कॅटलॉग) आल्या, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्या तालिकेतून विद्यार्थ्यांना संदर्भ शोधता येतात का, हे आमच्याकडे कोणी तपासत नाही, याची मनापासून खंत वाटते. परवा एका विद्यार्थिनीने ज्ञानेश्वरांचे नाव देवनागरीत टाइप केले आणि ‘नोंद नाही’ असे पाहून ती परत निघाली. वास्तविक ८९१.४६ या मराठी साहित्याच्या ड्युई वर्गांकाखाली (विषयानुसार ग्रंथांना दिल्या जाणाऱ्या क्रमांकाखाली) रॅकभर ग्रंथ होते. नोंदी तेवढ्या रोमन लिपीत होत्या, आणि त्यांतही ‘ज्ञ’ कुठे ‘डी-एन’, तर कुठे ‘जे-एन’ असा लिहिलेला. कार्डे चाळताना शेजारची नोंद सहज हाताला लागत असे. संगणकावर एक अक्षर चुकले की पडदा कोराच राहतो.

म्हणून प्रथम वर्षातच प्रत्येकाला एक विषय देऊन, अर्ध्या तासात संगणकावरून वर्गांक काढून रॅकवरचा ग्रंथ आणायला सांगावे, आणि पहिला शोध फसल्यावर त्याने दुसरा कोणता शब्द वापरून पाहिला, यालाही गुण द्यावेत.

– एक ग्रंथपाल, सातारा