हजेरीत गप्प राहिलेली मुलगी

मेपलवुड, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, तुझ्याकडे मागे सारखी कोण बाई गात असते? मी म्हटलं, लॉरिन हिल. रॅपही करते, गातेही. एकच मोठा अल्बम केला, पुढे तसा दुसरा केलाच नाही. बाबा चटकन म्हणाले, "अरेरे, वाया गेली म्हणजे." तेवढ्यात बाळ उठलं आणि फोन ठेवावा लागला. पण 'वाया गेली' हा शब्द चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

ती इथलीच. मी बाळाला गाडीत घालून रोज ज्या कोलंबिया हायस्कूलवरून जाते, त्याच शाळेत शिकली. जन्म 1975 चा, शेजारच्या साउथ ऑरेंजमध्ये वाढली. आई इंग्रजीची शिक्षिका आणि पियानो वाजवणारी, वडील लग्नांमधून गाणारे. आईच्या जुन्या तबकड्यांचा गठ्ठा लहानपणी तिच्या हाती लागला आणि सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावगीतासारखं) संगीत तिने त्या ऐकून ऐकून पाठ केलं. तेरा वर्षांची असताना न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात हौशी गायकांच्या कार्यक्रमात उभी राहिली. घाबरून माइकपासून लांब उभी, आवाज पोचेना, आणि तिथले प्रेक्षक भारी कडक, त्यांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. तिने माइक जवळ ओढला आणि गाणं पुरं केलं. मिरजेत गणपतीच्या कार्यक्रमात मी शब्द विसरले होते आणि आई, तू पहिल्या रांगेतून नुसती मान हलवून मला सम दाखवली होतीस, ते मला इथे आठवतं.

शाळेतल्याच प्राझ मिशेलमुळे ती वाइक्लेफ जॉनला भेटली आणि तिघांचा फ्यूजीज नावाचा गट झाला. नाव 'रेफ्यूजी'वरून, म्हणजे निर्वासित. त्या दोघांची घराणी हैतीची, आणि हैतीहून आलेल्यांना इथे ज्या शब्दाने हिणवायचे तोच त्यांनी नाव म्हणून घेतला. 1996 चा 'द स्कोअर' जगभर गाजला. बाबा, 'किलिंग मी सॉफ्टली' तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. ते मूळचं तिचं नव्हे, रॉबर्टा फ्लॅकने 1973 साली गाजवलेलं, पण एका पिढीला ते लॉरिनच्याच आवाजात माहीत आहे.

आई, रॅप म्हणजे नुसती बडबड, असं तू म्हणतेस. तू बोलबांट करायचीस ना, तेच शब्द लयीत उलटेपालटे टाकत, ताल ओढत-सोडत नेमकी समेवर यायचीस, तसं काहीसं धरून ऐक. लॉरिन शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवते. वाटतं, आता चुकली. आणि मग ओळीचा शेवट असा बसतो की मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं थांबवते. शिवाय त्याच गाण्यात पुढच्या क्षणी ती गायला लागते, थोड्या खरखरीत, भरलेल्या आवाजात. दोन्ही गोष्टी इतक्या ताकदीने एकाच गळ्यातून येणं तेव्हा फार कुणाला जमत नव्हतं.

आता मूळ गोष्ट. गट फुटायच्या बेतात होता, ती एकटीने अल्बम करायच्या तयारीत होती आणि तिला दिवस गेले. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ले, त्याचा मुलगा रोहन हा बाळाचा बाप. आसपासच्या लोकांनी सांगितलं, डोक्याने विचार कर, करिअरकडे बघ. तिने 1997 मध्ये झायनला जन्म दिला आणि त्याच्यावरच गाणं लिहिलं. लोक काय म्हणाले, तेही त्यात सरळ सांगून टाकलं. त्यावर गिटार कार्लोस सांतानाची, खाली लष्करी कवायतीसारखा ढोल. मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं ते रात्री तीन वाजता, बाळाला पाजताना. खूप रडले, खरं सांगते.

त्या अल्बमचं नाव 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', साल 1998. काही भाग न्यूयॉर्कमध्ये, काही जमैकात किंग्स्टनला बॉब मार्लेच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. सुरुवात ऐकाल तर चकित व्हाल. शाळेची घंटा होते आणि गुरुजी हजेरी घेतात. एकेक मूल 'हजर' म्हणतं. 'लॉरिन हिल' पुकारतात, उत्तर नाही. पुन्हा पुकारतात. शांतता. आणि मग संगीत सुरू होतं. गुरुजींचा आवाज रास बराका यांचा, ते पुढे नेवार्क शहराचे महापौर झाले. 1999 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीची, म्हणजे इथल्या संगीतातल्या सर्वांत मोठ्या पुरस्कारांची, दहा नामांकनं आणि एका रात्रीत पाच पुरस्कार, त्यात वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही. हिप-हॉपला, म्हणजे रॅपच्या या संगीताला, तो मान तोवर मिळाला नव्हता. 2021 पर्यंत एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी प्रतींएवढ्या खपाची नोंद झाली.

पुढचं सगळं गोड नाही. त्या अल्बमवर काम केलेल्या वादकांनी श्रेयासाठी दावा लावला, तो 2001 मध्ये आपसात मिटला. नंतर ती नुसती गिटार घेऊन, बसलेल्या गळ्याने, टीव्हीसाठी गायली. एका गाण्यात तिला रडू आवरत नाही. त्या गाण्यांचाही अल्बम निघाला, तो पुष्कळांना आवडला नाही. मला आवडतो. कराचं विवरणपत्र भरलं नाही म्हणून 2013 मध्ये तीन महिने तुरुंगातही गेली. सहा मुलांची आई आहे. अधूनमधून मंचावर येते, बऱ्याचदा फार उशिरा, आणि लोक चिडतात, तरी तिकीट काढतात.

बाबा, ही बाई वाया गेली असं मला नाही वाटत. पण मला खरं विचारायचंय ते आईला.

आई, तू विशारद झालीस, सांगली आकाशवाणीवर गायलीस आणि मी झाल्यावर थांबलीस. आजोळी प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणायचंच, "हिचा आवाज वाया गेला." मी शेजारी बसलेली असायचे. तो शब्द माझ्यामुळेच आहे असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. तुला कधी बोलले नाही. आता ऑफिसातून मी वर्षभर अर्धा वेळ काम मागून घेतलंय, तिथेही सगळे हळहळतात, आणि मला मात्र संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसताना कसलीच हळहळ वाटत नाही. तुला तेव्हा काय वाटत होतं? दुःख झालं असेल तर तेही सांग, मला ऐकायचंय.

गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात राखाडी कव्हराची कॅसेट आहे, त्यावर तुझ्या अक्षरात 'यमन' लिहिलंय. बाबा, फीत बुरशीने चिकटली नसेल तर प्लेअरचा पट्टा बदलून घ्या. तुमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ असतात, बाळ नुकतं झोपलेलं असतं. शनिवारी फोन कॅसेटजवळ धरा. आई, तू उठून स्वयंपाकघरात जाऊ नकोस, तिथेच बस.

तुमची,
मनू