मंत्रिमहोदय, जागा दुप्पट केल्यात, शिकवणारे कुठे आहेत?

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिक्षक नसलेल्या इंजिनिअरिंग शाखांच्या वाढीव जागा आणि मुलींच्या फीमाफीबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात गेली आहे, शाखा आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. आपल्याकडे कामाचा किती रेटा असतो याची मला कल्पना आहे, त्यामुळे हे पत्र लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण या आठवड्यात पुतण्याचा कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा, पसंतीची कॉलेजं क्रमाने लावायचा ऑप्शन फॉर्म भरायला घेतला आणि राहवलं नाही. कॉलेजांची यादी खाली सरकवता सरकवता मुलीचं कॉलेज आलं. तिच्याच शाखेच्या जागा 60 च्या 120 झालेल्या. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "बाबा, आम्हा साठ जणांनाच शिकवायला कुणी नाही. हे आणखी साठ कशाला घेतायत?"

हाच प्रश्न आपल्याला विचारतो आहे.

मागच्या सेमिस्टरला काय झालं ते ऐका. डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारे सर अर्ध्यातच सोडून गेले. ते करारावर होते, त्यांना दुसरीकडे बरं काम मिळालं. त्यांचा मला राग नाही, पगार चार-चार महिने थकत असेल तर कुणीही जाईल. त्यांच्या जागी आला तो त्याच कॉलेजातून आदल्या वर्षी पास झालेला मुलगा, तासिका तत्त्वावर. पोरगा गुणी आहे, पण तो स्वतः रात्री व्हिडिओ बघून सकाळी तेच फळ्यावर उतरवायचा. तोही गेला. मग कॉम्प्युटर, आयटी आणि एआय अशा तिन्ही शाखांची मुलं एका सेमिनार हॉलमध्ये बसवून एकाच मॅडमनी उरलेला सिलॅबस उरकला. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच गाडीला तीन पाट्या लावल्या आणि तिकीट तिन्ही पाट्यांचं वेगवेगळं फाडलं.

लॅबचं सांगतो. प्रॅक्टिकलला एका मशिनवर तिघी. एक टाइप करते, दोघी बघतात. ज्या शाखेच्या नावातच आर्टिफिशियल इंटेलिजन्स आहे, तिच्या लॅबमध्ये साधं मॉडेल ट्रेन करायला ग्राफिक्स कार्ड असलेलं मशिन नाही. मुली स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून गुगल कोलॅबवर, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन मशिनवर, काम करतात. मध्येच सेशन तुटलं की सगळं पहिल्यापासून. डेटा पॅक आमच्या खिशातून. जर्नल मात्र वेळेवर हवं, म्हणून मागच्या बॅचचं समोर ठेवून उतरवायचं, सह्या घ्यायच्या, सबमिशन झालं. ओरलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मुलीला विचारलं, हा प्रोग्रॅम तू मशिनवर चालवून बघितलास का? ती खरं बोलली, नाही म्हणाली. मार्क गेले. खरं बोलणाऱ्या मुलीचे मार्क गेले आणि कॉलेजची मान्यता शाबूत राहिली.

आणि तपासणीला समिती येते तेव्हा? त्या दिवशी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून मशिनं येतात, कधी न दिसलेले प्राध्यापक केबिनमध्ये बसतात, दारांवर नावाच्या पट्ट्या चढतात. समिती जेवून गेली की टेम्पो परत भरतो. मुली हे डोळ्यांनी बघतात. सबंध वर्गाला जे दिसतं ते तज्ज्ञांच्या समितीला दिसत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा, साहेब?

एआयसीटीईचाच, म्हणजे कॉलेजांना मंजुरी देणाऱ्या दिल्लीच्या तंत्रशिक्षण परिषदेचाच, नियम सांगतो. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. 2018 पर्यंत हे प्रमाण पंधरामागे एक होतं, ते सैल करून वीस केलं. एवढं सैल करूनही साठच्या तुकडीचं पहिलं वर्ष सोडून उरलेल्या तीन वर्षांची मुलं होतात 180, म्हणजे शिक्षक हवेत नऊ. मुलीच्या विभागात टिकून असलेले तिघे आहेत आणि त्यातल्या विभागप्रमुखांचा निम्मा दिवस प्रवेशाच्या कामात जातो. एका शाखेत किती जागा घेता येतील यावर पूर्वी कमाल मर्यादा होती. चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी म्हणून 2024-25 पासून ती मर्यादाच काढून टाकली. ती चांगली कामगिरी मोजली कुणी? आपण म्हणाल, मंजुरी दिल्लीची परिषद देते. असेल. पण संलग्नता देणारं विद्यापीठ राज्यातलं आहे, तंत्रशिक्षण संचालनालय आपल्या खात्याचं आहे, प्रवेश देणारा सीईटी सेल आपला आहे. मुलांना त्या दारापर्यंत आणून सोडणारी यंत्रणा आपली आहे. दिल्लीकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

आता फीचं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या घरात पेढे वाटले, हे मी मनापासून सांगतो. तोवर पन्नास टक्केच सवलत होती आणि उरलेले पन्नास टक्के कुठून आणायचे या विवंचनेत आम्ही दोघं रात्र रात्र जागत होतो. मुलगी म्हणाली होती, नको, मी बीएस्सी करते. निर्णय आला आणि तिने इंजिनिअरिंग धरलं. प्रवेशाच्या वेळी मुलींकडून फी मागायची नाही, असं सरकारने बजावलंही होतं. आणि अकाउंट्सच्या खिडकीवर काय सांगितलं? "शासनाचे पैसे आले की तुम्हाला परत करू, आता तुम्ही भरा." मी मोबाइलवर जीआर काढून दाखवला. खिडकीतला माणूस म्हणाला, "जीआर मलाही माहीत आहे, पण वरून सांगितलंय." पतसंस्थेचं कर्ज काढलं. बायकोच्या पाटल्या गेल्या. त्यावर डेव्हलपमेंट फी वेगळी, ती तर माफीत बसतच नाही. हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, बसचा पास वेगळा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फीमाफीचा अर्ज मंजूर झाल्याचं दिसतं, पैसे दिसत नाहीत. मधल्या काळात परीक्षेचा फॉर्म अडवला, पोरगी वर्गासमोर उभी राहिली. मोफत शिक्षणाच्या जाहिरातीत मुली हसताना दिसतात. माझी मुलगी त्या दिवशी फोनवर रडत होती, आणि मी दोनशे किलोमीटरवर गाडीखाली हातात पाना धरून पडलेलो. काय सांगणार होतो तिला?

मी रडगाणं गातोय असं वाटेल. वाटू द्या. घरात कमावता मी एकटा, वरून आई अंथरुणाला. ओव्हरटाइमची एक पाळी मी सोडलेली नाही. ज्यांच्यासाठी योजना काढली त्यांनी ती कशी भोगली हे योजना काढणाऱ्याला कळायला नको का?

पुतण्याच्या फॉर्मकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. 2025 च्या प्रवेशापासून नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतली मिळाली तर घ्यावीच लागते, तिसरीत पहिल्या सहांतली. घेतली नाही तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोराने लावलेला क्रम त्याच्यावर बंधनकारक. ठीक आहे, जागा अडकून पडू नयेत म्हणून केलं असेल. पण तो क्रम त्याने कशाच्या आधारावर लावायचा? कोड आहे, कॉलेजचं नाव आहे, जागा आहेत, मागचा कटऑफ आहे. शाखेत शिकवतं कोण, ते कुठेच नाही. शाखांची नावं तर बघा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, त्याचंच कंसात एआय-एमएल, कंसात डेटा सायन्स, कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन, कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स, आयटी, आणि एक तर इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी. पुतण्या विचारतो, काका, यातलं कुठलं वर टाकू? माझ्या मुलीने त्याला दुसऱ्या वर्षाचे सिलॅबस काढून दाखवले. डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, ऑब्जेक्ट ओरिएंटेड. उन्नीस-बीस सगळीकडे तेच. चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली साध्या आयटीतही मुलगा तयार होतो. शिक्षक नसेल तर नाव कितीही लांबलचक असलं तरी काय उपयोग?

आणि मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल? आमच्या भागातल्या एका कॉलेजने मेकॅनिकल बंद केली. मुलं येत नाहीत म्हणे. ती लेथ मशिनं ताडपत्रीखाली गंजतायत, मी स्वतः बघून आलो. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच राज्यात झाला, मेट्रोची कामं चाललीयत, त्यावर सिव्हिलचे इंजिनिअर लागतातच ना? एसटीत इलेक्ट्रिक बस आल्यात. त्यांची बॅटरी, मोटर, कंट्रोलर समजणारी माणसं आम्हाला वर्कशॉपमध्ये हवी आहेत. पुतण्याला हात काळे करायची आवड आहे, त्याला तेच शिकायचंय. जवळ कुठे शिकायचं त्याने? संस्थांना कॉम्प्युटर परवडतं. तिथे फाउंड्री लागत नाही, टेस्टिंग मशिन लागत नाही, टेबलं मांडली की वर्ग सुरू. म्हणून तिथे जागा वाढतात. राज्याला कुठले इंजिनिअर हवेत हे संस्थाचालकांच्या हिशेबाने ठरतंय.

ज्यांना इंजिनिअरिंग झेपत नाही त्यांच्यासाठी बीसीए ही कॉम्प्युटरची साधी पदवी होती. गावाजवळच्या सिनिअर कॉलेजात बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. 2024 ला त्यालाही सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लावली. आमच्या गल्लीतल्या पोरांना ती सीईटी आहे हेच परीक्षा होऊन गेल्यावर कळलं. जागा ओस पडल्या तेव्हा पुन्हा परीक्षा घ्यावी लागली आणि तोवर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून सीईटीतून सुटका करून घेतली. कुणाला जाब विचारला गेला? कुणालाच नाही. पोरांचे महिने गेले, एवढंच.

हे सगळं आपल्याच काळात झालं असं मी म्हणत नाही. 1983 ला वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. आपली पोरं कर्नाटकात डोनेशन देऊन शिकतात, ती इथेच शिकावीत, हा हेतू होता. शिकलीही. पण चाळीस वर्षांत सरकारने स्वतःची किती कॉलेजं काढली? पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज 1854 चं, इंग्रजांनी काढलेलं. कराड आणि औरंगाबादची सरकारी कॉलेजं 1960 ची, अमरावतीचं 1964 चं, नांदेडची संस्था 1981 ची. त्यानंतरची सरकारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. खाजगी मात्र गावोगाव, आणि त्यांच्या संस्थापकांच्या पाट्या वाचल्या तर निम्मी विधानसभा दिसते, सगळ्या पक्षांची. शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवतं ती संस्थेने दाखवलेल्या खर्चावर. त्यात शिक्षकांचा पगार हा सगळ्यात मोठा आकडा. शिक्षक खासगीत सांगतात की कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांचा मेळ नाही. म्हणजे जो शिक्षक वर्गात नाही, त्याच्या पगाराची फी आम्ही भरतो, ती माफ झाली तर सरकार तिजोरीतून भरतं, आणि पैसा जातो कुठे? हे तपासणाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत संस्थाचालक बसणार असतील तर तपासणार कोण? माझ्या गाडीचा ब्रेक मी न तपासता रस्त्यावर सोडला तर मला त्याच दिवशी निलंबित करतात, आणि करायलाच हवं. इथे दरवर्षी साठ-साठ पोरं तशीच सोडली जातात आणि सही करणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

माझी मागणी मोठी नाही. ऑप्शन फॉर्म उघडण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेपुढे तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांची नावं, ते कायम आहेत की करारावर, आणि किती वर्षांपासून आहेत, हे सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. त्याची शहानिशा विद्यार्थ्यांकडून करून घ्या, त्यांना सगळं माहीत असतं. तपासणी न सांगता करा, तीही सेमिस्टरच्या मध्यावर. जिथे शिक्षक भरलेले नाहीत तिथल्या वाढीव जागा यंदाच्या कॅपमधून काढा, अजून फेऱ्या सुरू व्हायच्या आहेत, आज ठरवलं तर होईल. मुलींची डेव्हलपमेंट फी माफीत घ्या आणि फीमाफीचे पैसे सेमिस्टर संपायच्या आत कॉलेजला पोचवा, म्हणजे खिडकीवरच्या माणसाला बोलायला जागा उरणार नाही. ज्या कॉलेजांनी 2024 पासून मुलींकडून फी घेतली आहे त्यांच्याकडून ती व्याजासकट परत मिळवून द्या.

मुलीच्या कॉलेजचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तिची अजून दोन वर्षं तिथे जायची आहेत आणि तिचे टर्मवर्कचे मार्क त्यांच्या हातात आहेत. आपल्या कार्यालयातून कुणी जबाबदार अधिकारी विचारणार असेल आणि मुलीला त्रास होणार नाही असं लेखी देणार असेल, तर नाव, पावत्या आणि परीक्षेचा फॉर्म अडवल्याचा मेसेज घेऊन मी मंत्रालयात यायला तयार आहे. पुतण्याचा फॉर्म अजून भरलेला नाही. मुदत संपायच्या आत उत्तर आलं तर बरं होईल.

आपला,
इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीचा बाप
परभणी जिल्हा