अल्फामातल्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

13 जून हा माझा लिस्बनमधला शेवटचा दिवस. सांत आंतोनच्या, म्हणजे संत अँथनीच्या फेस्तासाठी तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. मी गोव्यातल्या शिवोलीची. आमच्या चर्चमधल्या सांत आंतोनच्या हातात दोरीने बांधलेला साप आहे, आणि तो बघायला लहानपणी मी शेजारच्या मुलींबरोबर जायचे. जग ज्याला इटलीतल्या पादुआचा संत म्हणतं, तो मुळात लिस्बनचा आणि त्याच्या जन्मस्थानीच त्याचं चर्च उभं आहे, हे कळलं तेव्हापासून ती जागा बघायची ओढ होती.

आदल्या रात्री आवेनिदा दा लिबेर्दाद या मोठ्या रस्त्यावर वस्त्यावस्त्यांची पथकं नाचत-गात गेली. 1932 पासून चालत आलेली ती प्रथा मी डोळे भरून पाहिली. तुमच्या अल्फामात, लिस्बनच्या त्या जुन्या वस्तीत, पहाटेपर्यंत सार्डिन मासे भाजण्याचा धूर होता. सकाळी सगळं धुऊन काढलेलं. फरसबंदीचे ते छोटे पांढरे दगड झिजून आधीच गुळगुळीत झालेले, त्यावर पाणी. उतारावर पाय सटकला, घोटा मुरगळला आणि मी पाठीवरच्या बॅगेसकट खाली बसले. पाच दिवस एकटीने फिरताना एकदाही भीती वाटली नव्हती. तेव्हा वाटली. रात्रीचं विमान, हॉटेलची खोली सोडलेली, आणि पाय टेकवत नव्हता.

1755 च्या भूकंपात खालचं शहर कोसळलं, पण खडकावरची ही वस्ती बरीचशी तगली. त्यामुळे तिथल्या गल्ल्या अजून तशाच अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या. टॅक्सी आत येणं शक्यच नाही. तुम्ही वर कपडे वाळत घालत होतात. ते अर्धवट टाकून खाली आलात, एप्रनच्या खिशात चिमटे तसेच. माझ्या बगलेत हात घालून तुम्ही मला वर नेलंत. तुमचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं असणार. जिन्यात तुम्हाला लागलेली धाप मला अजून ऐकू येते.

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज. तुम्ही खुर्ची ओढून ‘कदेइरा’ म्हणालात आणि मला आमच्या आजीचं कोकणीतलं ‘कदेल’ आठवलं. मग खिडकीकडे बोट दाखवून मीच म्हटलं, ‘जनेल?’ तुम्ही टाळी वाजवलीत. ‘जनेला!’ पायातला बूट काढताना ‘सपातु’ म्हणालात, आमच्याकडे सपाता. मेज, साबण, बटाटा. घोट्यावर बर्फाचा रुमाल धरून आपण दोघी घरभर शब्द शोधत होतो. माझी आजी असती तर तिचं तुमच्याशी माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं. तुम्ही मला सूप दिलंत, पाव दिलात, आणि पैसे पुढे केले तर चक्क रागावलात.

खिडकीत मांजेरिकूची कुंडी होती. मी वाकून वास घ्यायला गेले तर तुम्ही माझं नाक मागे ढकललंत, पानांवरून तळहात फिरवलात आणि तो माझ्यापुढे धरलात. नाक लावलं तर रोप मरतं म्हणे! वास थेट आमच्या अंगणातल्या तुळशीच्या जातीचा. मला रडू आलं, आणि ते पाय दुखतो म्हणून आलंय असं तुम्हाला वाटलं असणार.

संताचं चर्च बघायचं राहिलं. मिरवणूक मात्र लांबून ऐकली, तुमच्या कदेलवर बसून, पाय उशीवर ठेवून. तुम्ही बँडच्या दिशेने तोंड करून क्रूसाची खूण केलीत, मीही हात जोडले.

संध्याकाळी तुम्ही शेजारच्या मुलाला हाक मारलीत. त्याने मला आधार देत सांता अपोलोनिया स्थानकापर्यंत उतरवलं आणि टॅक्सीत बसवलं. त्यालाही माझे आभार सांगा. निघताना तुम्ही कुंडीतला चार ओळींचा कागदी झेंडा उपटून माझ्या हातात दिलात. गावातल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांकडून मी त्याचा अर्थ लावून घेतला. प्रेमाची कविता आहे, तेही वाचताना हसले.

पाय आता पूर्ण बरा आहे, आजी. जिना चढताना दुखत नाही. तुम्ही शिकवलं तसं आठवडाभर रात्री उशीवर ठेवून झोपले.

तुमची,
शिवोलीची मुलगी