विम्याच्या नोटिशीवर गेल्या वर्षीचा हप्ताही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या आळीतल्या दोन कुटुंबांनी या वर्षी गाडीचा पूर्ण विमा सोडून नुसता थर्ड पार्टी विमा काढला. हप्ता परवडत नाही, हे कारण. आमचे गाव चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा याच आळीतल्या गाड्या दोन दिवस पाण्याखाली होत्या. थर्ड पार्टी विम्यात पुराचा एक रुपयाही मिळत नाही. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कुणाचा जीव गेला किंवा कुणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते भरून देण्यासाठी तो असतो. हे त्या दोन्ही घरांना पक्के ठाऊक आहे. तरी त्यांनी तो मार्ग धरला, कारण कंपनीकडून फोनवर त्यांना सांगण्यात आले की "सरकारनेच दर वाढवलेत, आमच्या हातात काही नाही."

हेच वाक्य मलाही ऐकवले गेले. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे आकडा समोर आला की त्याची फोड केल्याशिवाय मला राहवत नाही. आमची गाडी ११९७ सीसीची, पेट्रोलवरची, ऑक्टोबर २०१८ मध्ये घेतलेली. गेल्या वर्षी हप्ता ७,६५९ रुपये होता. या वर्षी मोबाइलवर जी लिंक आली तिच्यावर १०,९४० रुपये होते. मधल्या वर्षात एकही क्लेम नाही. उलट नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, ३५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेला आणि गाडी एक वर्षाने जुनी झाल्यामुळे तिची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कमी झाली. या दोन्ही गोष्टींनी हप्ता उतरायला हवा. तो ३,२८१ रुपयांनी चढला.

कपाटातून गेल्या वर्षीची पॉलिसी काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. थर्ड पार्टीचा हप्ता दोन्हींवर ३,४१६ रुपये, एका रुपयाचाही फरक नाही. सरकार ठरवते तो दर एवढाच. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी मोटारींसाठी तो १ जून २०२२ पासून ३,२२१ वरून ३,४१६ रुपये झाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला सगळे 'ओडी' म्हणतात, त्याचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. माझ्या कागदावर तो २,२१० वरून ३,६४० वर गेला होता, कारण कंपनी स्वतःहून देत असलेली सवलत तिने निम्म्याहून कमी केली होती. आणि रस्त्यावरची मदत, किल्ली हरवल्यास भरपाई, तेल-नटबोल्टचा खर्च अशी तीन ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची पूरक कलमे, मी न मागता घातलेली होती, त्यांचे १,३५० रुपये. या दोन वाढींवर १८ टक्के जीएसटी धरला की ३,२८१ रुपयांचा हिशोब पुरा होतो. यात सरकारने वाढवलेला दर कुठे आहे?

फोनवर बोलणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्यापुढे जो कागद ठेवला असेल तो ती वाचणार. पण तिच्या त्या एका वाक्याने ग्राहक गप्प होतो. सरकारी दर म्हटल्यावर कोण घासाघीस करतो? मग माणूस एकतर मुकाट्याने पैसे भरतो, नाहीतर विमाच कापतो.

मी दुसऱ्या एका कंपनीकडे चौकशी केली. आयडीव्ही तीच ठेवायला सांगितली. हे महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळदा स्वस्त हप्ता दाखवताना गाडीची किंमत गुपचूप उतरवलेली असते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि ग्राहकाने आपसात ठरवायची असते, त्यामुळे तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. पुरात गाडी पूर्ण गेली तर हातात तीच रक्कम येणार. तीन नको असलेली ॲड-ऑन काढली. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा माझ्या स्कूटरच्या पॉलिसीत आधीच आहे. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे तसे लिहून दिल्यावर इथे तो पुन्हा घ्यावा लागला नाही. बोनसही मालकाचा असतो, कंपनी बदलली तरी तो बरोबर येतो. एकूण ७,६६५ रुपये झाले, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा सहा रुपये जास्त.

इंजिन संरक्षणाचे ॲड-ऑन मात्र मी ठेवले आणि नदीकाठच्या गावात राहणाऱ्या कुणीही ते काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २०२१ च्या पुरानंतर समोरच्या घरातल्या मुलाने चिखलातून बाहेर काढलेली गाडी सुरू होते का, म्हणून किल्ली फिरवली. इंजिनात पाणी होते, ते जाम झाले. कंपनीने बाकीचे नुकसान दिले, इंजिनाचे दिले नाही. पाण्याने नव्हे, चालू केल्याने बिघडले, असे तिचे म्हणणे पडले. त्याच्या पॉलिसीत हे ॲड-ऑन नव्हते. काही शे रुपयांचे ते कलम नोटिशीत किल्ली हरवण्याच्या कलमाच्या शेजारी, त्याच बारीक अक्षरात छापलेले असते. कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे ग्राहकाला कळणार कसे?

बोनसबद्दलही असेच. गेल्या वर्षी आमच्या गाडीचा बंपर तुटला. नवा २,६०० रुपयांचा. गॅरेजवाला म्हणाला, क्लेम टाका की. प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी घट धरतात, म्हणजे १,३०० उरले. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. राहिले ३००. त्या तीनशे रुपयांसाठी चार वर्षांत साठलेला बोनस शून्यावर गेला असता. मी खिशातून पैसे दिले. हे गणित सातवीतल्या मुलालाही करता येईल, पण त्यातले आकडे कुणी समोर मांडत नाही.

आणखी एक गोष्ट मला पुतण्यामुळे उमगली. त्याने २०२२ मध्ये गाडी घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्याला फक्त ओडी भरायचा होता. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी पुन्हा जोडला गेला आणि हप्ता जीएसटीसकट ४,०३१ रुपयांनी वर गेला. त्याला वाटले लूट चालली आहे. ही दरवाढ नव्हती, हे नोटिशीत एका ओळीत सांगता आले असते. त्या ओळीअभावी तो पॉलिसी संपू द्यायला निघाला होता. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. अपघातात कुणी दगावले तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई घरदार विकून द्यावी लागते. शिवाय मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनसही जातो.

म्हणून माझी भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाकडे एकच मागणी आहे. नूतनीकरणाच्या प्रत्येक नोटिशीवर गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा हप्ता शेजारी शेजारी छापणे सक्तीचे करावे. ओडी, कंपनीची सवलत, बोनस, आयडीव्ही, थर्ड पार्टी, प्रत्येक ॲड-ऑन आणि कर, सगळे वेगवेगळ्या ओळींत. त्यातला कोणता आकडा सरकारचा आणि कोणता कंपनीचा, तेही लिहावे. आणि हे मराठीत असावे. हे अशक्य कोटीतले नाही. ब्रिटनमध्ये २०१७ पासून नूतनीकरणाच्या पत्रावर मागच्या वर्षीचा हप्ता दाखवावाच लागतो. जानेवारी २०२२ पासून तर जुन्या ग्राहकाला नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावायलाही तिथे बंदी आहे. आपल्याकडेही आरोग्य विम्याला १ जानेवारी २०२४ पासून सोप्या शब्दांतले माहितीपत्रक द्यावे लागते, ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत. मग मोटारीच्या नोटिशीला काय हरकत आहे?

जीएसटीबद्दल थोडेच लिहिते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला, त्याचा मला आनंदच आहे. पण कायद्याने जो विमा काढावाच लागतो, त्या थर्ड पार्टीवर खासगी गाडीला १८ टक्के कर अजून लागतो. निदान तेवढा भाग तरी करमुक्त करावा.

तोवर वाचकांनी लिंकवर लगेच पैसे भरू नयेत. कंपनीकडून हप्त्याची फोड लेखी मागवावी. तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

नुसता थर्ड पार्टी काढलेल्या त्या दोन घरांपैकी एका घरातल्या वहिनी काल येऊन गेल्या. पुढच्या पावसाळ्याआधी पूर्ण विमा पुन्हा घ्यायचा म्हणतात. त्याआधी कंपनीचा माणूस गाडी तपासून जाईल. मी त्यांना गेल्या वर्षीची पॉलिसी शोधून ठेवायला सांगितली आहे, रविवारी दोघी मिळून बसणार आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण