विषय : गच्चीवरच्या खोलीच्या भिंतीत विनापाइप टाकलेल्या वायरी

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार निवारण विभाग

गच्चीवरच्या खोलीची भिंत तुमची, आतला पत्र्याचा सांगाडा आणि त्यावरची शीट तुमची, वायरिंगही तुमच्याच माणसांनी केलेलं. त्यामुळे खोलीचं वर्णन करत बसत नाही. कोटेशनची प्रत सोबत जोडली आहे. त्यात ‘रॉकवूल (खडकापासून केलेलं लोकरीसारखं इन्सुलेशन) भरून, पाइपमधून वायरिंग’ असं तुमच्याच लेटरहेडवर छापलंय.

गीझरच्या स्विचची प्लेट हाताला गरम लागायला लागली म्हणून मी माझ्या वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला. आत पाइप नाही. रॉकवूलही नाही, थर्मोकोलच्या लाद्या! वायर ओढली तर तिला पांढरे दाणे चिकटून आले, लादीत वायरीची नाळी पडलेली, आणि वरचं पीव्हीसी वाळक्या शेंगेसारखं कडक. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जो पदार्थ घालतात, तो थर्मोकोलला लागून राहिलं की हळूहळू त्यात उतरतो. मग थर्मोकोल विरघळतो आणि वायर तडकते. म्हणून दोघांना एकमेकांना टेकू द्यायचं नसतं. हे तुम्हाला मी सांगायचं?

पुढचं याहून भारी आहे. जीआय स्टडच्या, म्हणजे सांगाड्याच्या पत्र्याच्या खांबाच्या, भोकातून वायर जाते तिथे ग्रोमेट (धार झाकणारी रबरी कडी) नाही. पत्र्याच्या धारेने लाल वायर चिरली आहे, टॉर्च मारला की आतलं तांबं दिसतं. स्टडना अर्थिंगही नाही. म्हणजे उद्या फेज, म्हणजे करंटची वायर, पत्र्याला टेकली, तर एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही. सांगाडा नुसता लाइव्ह होऊन बसेल आणि भिंतीत फोटोसाठी स्क्रू मारणाऱ्या माणसाला ते पहिल्यांदा कळेल.

आणि एसी-गीझर दोन्ही एकाच २.५ एमएमच्या वायरीवर! दीड टनाचा एसी ८ अँपिअरच्या आसपास, २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९. वर २० अँपिअरचा एमसीबी. वायर मोकळ्या भिंतीवर असती तर चाललं असतं. पण अर्ध्या मीटरहून जास्त लांब वायर चहूबाजूंनी इन्सुलेशनमध्ये गाडली, तर तिची क्षमता निम्मी धरा असं बीएस ७६७१ ही ब्रिटिश नियमावली सांगते, कारण उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. साध्या पीव्हीसी वायरीचं तांबं ७० अंशांवर जाता कामा नये. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत आधीच तापलेली असते, त्यात तुमची ही भर. एमसीबी मात्र निवांत, कारण त्याच्या हिशेबाने १७ म्हणजे २०च्या आतच!

हे सगळं मी तुमच्या हेल्पलाइनला सांगितलं. आजचा संवाद जसाच्या तसा देतो.

“काका, वायर बाहेरून दिसतेय का?”
मी म्हटलं, नाही, भिंतीच्या आत आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे.
“मग दिसत नाही ना. फिनिशिंग तर चांगलं आहे ना काका?”
मी म्हटलं, वायर चिरली आहे.
“तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात का?”
सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी केली, असं सांगितलं. यावर थोडा वेळ शांतता, मागे कुणीतरी हसलं, मग: “काका, यूट्यूबवर बघून लोक उगाच टेन्शन घेतात. एसी थोडा कमी चालवा.”

काका म्हणायला माझी हरकत नाही, पण काकाला एवढं तरी विचारा की फोटो पाठवता का! आधीच्या फोनवर ‘साइट इंजिनिअर येईल’ सांगितलं होतं. तो अजून इंदिरानगरच्या वाटेवरच असावा. त्याच्याही आधीच्या फोनवरच्या बाईंनी तर ‘वायरिंग आमच्या स्कोपमध्ये येत नाही’ असं ठणकावलं. मग कोटेशनमधल्या वायरिंगच्या ओळीचे पैसे कुणी घेतले? पुन्हा सांगतो, पाइपचे पैसे घेतलेत आणि पाइप टाकलेला नाही.

वायरी कुठून कशा गेल्यात याचा नकाशा मागितला, तोही नाही. शीट लावण्याआधी काढलेले फोटो? तेही नाहीत. शेजारच्यांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं. आता त्यांच्या भिंतीत काय निघेल या विचाराने मला त्यांच्याकडे तोंड दाखवायची लाज वाटते.

माझं म्हणणं असं: तुमच्या खर्चाने शीट उघडा, थर्मोकोल काढून रॉकवूल भरा, पाइप आणि ग्रोमेट टाका, स्टडना अर्थिंग द्या, एसीला स्वतंत्र ४ एमएमची वायर ओढा. काम झाल्यावर लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरचा सहीशिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट हवा. तोंडी ‘ओके आहे’ चालणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो. चिरलेली वायर कापून पिशवीत घालून ठेवली आहे.

कृपया फोन करू नये.

आपला ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक