सदाफुलीचा रस पाजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कराडच्या आमच्या रिक्षा स्टँडवर चंपी नावाची कुत्री आहे. आषाढात तिच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडायला लागले. माजावर आली असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. तीन आठवडे झाले तरी थांबेना, तेव्हा सीटवर पोतं टाकून दवाखान्यात नेली. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. डॉक्टर म्हणाले, टीव्हीटी आहे. हा कॅन्सर जुगताना एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो, माणसाला नाही, आणि व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आठवड्याला एक, शिरेतून. स्टँडवर वर्गणी काढली.

दुसऱ्या इंजेक्शनानंतरच गाठ सुकायला लागली. आमची तारांबळ उडाली ती मधल्या दिवसांत. पहिल्या इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशी पिवळी उलटी झाली आणि भाकरीकडे पाठ करून चंपी माझ्या रिक्षाखाली पडून राहिली. उलटी थांबवायची गोळी मिळते, हे आम्हाला दोन दिवस उपाशी कुत्रं बघितल्यावर कळलं. सहाव्या दिवशी अंग तापलं. एकाने खिशातली तापाची गोळी काढलीच होती. नशिबाने फोन लागला. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "माणसाची गोळी देऊ नका, आधी आणा तिला!" ताप 103.8. व्हिन्क्रिस्टिनने आठवड्याभरात रक्तातल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, तशा उतरल्या होत्या. अँटिबायोटिक सुरू झालं आणि पुढचं इंजेक्शन आठवडाभर लांबलं.

आता सदाफुलीचं. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून निघतं, हे खरंच आहे. आमच्या स्टँडवरही ऑइलच्या डब्यात ती लावलेली आहे. झालं, फुलं विकणाऱ्या मावशींपासून प्रवाशांपर्यंत सगळे म्हणायला लागले, "कशाला पैसे घालवता, पानं वाटून पाजा की!" किलोकिलो पानांतून कणभर औषध निघतं आणि चौदा किलोच्या चंपीला एका वेळी अर्धा मिलिग्रॅमही लागत नव्हतं. वाटलेल्या पाल्यातून काय आणि किती पोटात जाईल, कोण मोजणार? पाला विषारी आहे. औषधसुद्धा इतकं जहाल, की शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळून जखम होते. म्हणून डॉक्टर आधी सलाईन सोडून शीर नीट चालतेय का बघायचे, आणि तोवर पाय धरून ठेवायचं काम माझ्याकडे. इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस तिची लघवी-शी हातमोजे घालून धुवायची, हे तिसऱ्या खेपेला समजलं. तोवर माझ्या रिक्षातली शाळेची पोरं तिच्या गळ्यात पडत होती.

डॉक्टरांवर राग नाही. बाहेर पंधरा जनावरं ताटकळलेली असताना ते किती बोलणार? पण पशुसंवर्धन विभागाने किंवा पशुवैद्यकांच्या संघटनेने मराठीत अर्ध्या पानाचा कागद छापावा आणि इंजेक्शनाबरोबर तो हातात द्यावा. उलटी कधी होते, ताप कितीवर गेला की धावायचं, घरातलं कोणतं औषध द्यायचं नाही, एवढं पुरे. चाळीस पानी बुक आमच्यात कोणी वाचत नाही.

पाच इंजेक्शनं होऊन चंपी आता ठणठणीत आहे, पहिल्या भाड्यावर भुंकते. तो कागद तूर्त मीच वहीच्या पानावर लिहून स्टँडच्या फळ्यावर चिकटवलाय. पावसात शाई उतरली, की पुन्हा लिहितो.

— एक रिक्षाचालक, कराड