दिग्या, आपण ती गोष्ट उलटीसुलटी ऐकली होती

प्रिय दिग्यास,

तुझा जर्मनीतला नवा पत्ता मिळाला. व्होल्फ्सबुर्ग. आईशप्पथ सांगतो, नाव वाचल्यावर मला वाटलं हे आपण आधी कुठंतरी वाचलंय, आणि गाड्यांच्या कारखान्यामुळं नाही, ते तर आपल्या मेकॅनिकलच्या पोरांना पाठच असतं, दुसरंच काहीतरी होतं आणि दोन दिवस डोक्यात किडा वळवळत होता. शेवटी रात्री साडेअकराला उठलो, कपाटातून सीडी काढली, चष्मा लावून ती मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि सापडलं. गेट स्टुडिओ, व्होल्फ्सबुर्ग. अरे येड्या, ऱ्हॅप्सडी या हेवी मेटल बँडचा 'सिम्फनी ऑफ एन्चांटेड लँड्स' हा अल्बम तुझ्या गावात रेकॉर्ड झालाय! पोरं इटलीची, त्रिएस्तेची, आणि ड्रॅगन, तलवारी, घोडे सगळं घेऊन आली कुठं तर तू आता जिथं सायकलवरनं ऑफिसला जातोस तिथं.

म्हणून हे पत्र. व्हॉट्सॅपवर लिहायला बसलो होतो पण तू निळी टिक देऊन एक अंगठा पाठवशील, मला माहितीये.

तुला हॉस्टेलमधली ती सीडी आठवते का, तू नेटकॅफेत बसून हाच अल्बम कॉपी करून आणलेली, वर मार्करनं 'मेटल ३' लिहिलेलं. एक आणि दोन कुठं गेल्या देव जाणे. तर त्यात तू एक थोर काम करून ठेवलं होतंस. फायलींच्या नावापुढचे नंबर तू काढून टाकले होतेस, म्हणे नावं स्वच्छ दिसतात. त्यामुळं विनॅम्प या गाण्यांच्या प्लेअरनं काय केलं, सगळी गाणी एबीसीडीप्रमाणे लावली. आणि आपण चार वर्षं तो अल्बम तसाच ऐकला, आणि मी तर पुढंही कितीतरी वर्षं तसाच ऐकत राहिलो, कारण फायली तशाच एका हार्डडिस्कवरून दुसरीवर जात राहिल्या.

मागच्या वर्षी मी सेकंडहँड ओरिजिनल सीडी मिळवली (किंमत विचारू नकोस, हिला पण सांगितलेली नाही). लावली आणि खुर्चीतच बसलो. अरे सुरुवातच वेगळी! 'एपिकस फ्युरर' म्हणजे तो सव्वा मिनिटाचा लॅटिन कोरस, जो आपल्याकडं तिसरा यायचा आणि आपण म्हणायचो हे मधेच चर्चमध्ये कशाला नेतात, तो खरं तर नांदी आहे रे. नाटकात तिसरी घंटा होते, नांदी होते, पडदा सरकतो, अगदी तसं. तो कोरस चढत चढत जातो आणि श्वास पण न घेता थेट 'एमरल्ड स्वोर्ड' सुरू होतं. आपण हे दोन्ही तुकडे उलटे ऐकले. आधी लग्न लागायचं आणि मग मंगलाष्टकं.

आणि गोष्ट. मला तेव्हा वाटायचं की गोष्ट नाहीच्चे, नुसते ड्रॅगन आणि वीजा. खरी गोष्ट अशी की अल्गालॉर्ड नावाचा देश, त्याच्यावर अॅक्रॉन नावाचा काळा राजा चालून आलाय, आणि अरेसियस नावाचा म्हातारा ज्ञानी माणूस एका योद्ध्याला पाचूची तलवार शोधायला पाठवतो. त्या योद्ध्याला नाव नाही, त्याला नुसतं वॉरियर ऑफ आइस म्हणतात. ही सुरुवात १९९७ च्या 'लेजंडरी टेल्स'मध्ये होते. आपल्या या दुसऱ्या अल्बममध्ये, म्हणजे १९९८ च्या, तो तलवारीपर्यंत पोचतो. त्यासाठी हस्तिदंती दरवाजे उघडायचे, त्याला तीन किल्ल्या लागतात, आणि सोबतीला थारोस नावाचा ड्रॅगन. शेवटचं गाणं तेरा मिनिटांचं, त्याच्या पहिल्या भागाचं नावच 'थारोसचं शेवटचं उड्डाण' अशा अर्थाचं आहे, म्हणजे पुढं काय होणार ते तुला कळलंच.

आता आपल्या क्रमानं बघ. पहिलंच गाणं 'बियाँड द गेट्स ऑफ इन्फिनिटी'. म्हणजे किल्ल्यांचा पत्ता नाही आणि दरवाजे उघडून आपण आत पण गेलो. सातव्या नंबरला ते तेरा मिनिटांचं महाप्रकरण, ड्रॅगनचं शेवटचं उड्डाण झालं, सगळं संपलं, आणि त्यानंतर 'द डार्क टॉवर ऑफ अबिस'! जिंकून परत आलेला माणूस पुन्हा अंधाऱ्या मनोऱ्यात उतरतोय. त्याच्यानंतर 'विंग्ज ऑफ डेस्टिनी', ते पियानोवालं हळवं गाणं जे लागलं की तू गपचूप बाहेर सिगरेट ओढायला जायचास. आणि सगळ्यात शेवटी 'विज्डम ऑफ द किंग्ज'. फक्त एकच जोड आपल्याकडं बरोबर लागला होता, 'रायडिंग द विंड्स ऑफ इटर्निटी' आणि त्याला लागून ते तेरा मिनिटांचं गाणं, तो पण वर्णमालेच्या कृपेनं.

पण मजा ऐक. मला माझीच गोष्ट जास्त आवडते. खऱ्या गोष्टीत राजांचं शहाणपण तिसऱ्याच गाण्यात येतं, म्हणजे अजून काही केलं नाही तोवर. आपल्या गोष्टीत पठ्ठ्या आधी दरवाजे फोडतो, तलवार मिळवतो, दोस्त गमावतो, मनोऱ्यात जाऊन पडतो आणि मग कुठं शहाणपण येतं. हे मला जास्त पटतं बघ. लुका तुरिलीला भेटलो तर सांगणारे, भावा तुझा क्रम चुकलाय.

तुरिली म्हणजे गिटारवाला. तो आणि कीबोर्डवाला अॅलेक्स स्टारोपोली, या दोघांनी १९९३ मध्ये बँड काढला, तेव्हा नाव थंडरक्रॉस होतं. गायक फाबियो लिओने नंतर आला. लिओनेचा आवाज आता नीट हेडफोनवर ऐकतो तेव्हा कळतं की हा माणूस मेटलवाल्यांसारखा नुसता किंचाळत नाही, हा ऑपेराच्या देशातला आहे, शब्द गोल करून सोडतो, इंग्रजी उच्चारांचा बट्ट्याबोळ करतो आणि तरी तुम्हाला वाटतं की हा खरंच कुठल्यातरी टेकडीवर उभा राहून ओरडतोय. शब्द तर काय, वीसेक शब्दांत पाच अल्बम काढलेत. स्टील, थंडर, होली, मायटी, ब्लडी, ग्लोरी, परत स्टील. तू तेव्हा त्यांची यादी करून भिंतीवर लावली होतीस.

मी खूप विचार केला की हे सगळं हास्यास्पद असून मला इतकं का भिडतं. एक तर संगीत फसवं नाहीये. खाली डबल बास ड्रम घोडा उधळल्यासारखा चाललेला असतो, वर हार्पसिकॉर्ड आणि व्हायोलिनं विवाल्डीच्या काळातल्यासारखी गिरक्या घेतात, आणि मधे गिटार त्यांच्याशी पैजा लावते. तुझ्या गावच्या साशा पेथ आणि मिरो या दोघा निर्मात्यांनी हे सगळं एकावर एक असं रचलंय की काही म्हणजे काही एकमेकांत बुडत नाही. हे सोपं नाही रे, दहीहंडीच्या डीजेसमोर बासरी ऐकू आली पाहिजे अशातला प्रकार आहे. दुसरं म्हणजे मधेमधे तो निवेदक येतो भारदस्त आवाजात, आणि मग कोरस उचलून धरतो, ते ऐकताना मला दरवेळी आमच्या गावच्या जत्रेतला शाहीर दिसतो. तो गद्यात सांगतो, गडी कड्यावर चढला, दोर तुटला, आणि मागचे झीलकरी जी जी रं जी करून उचलतात. शाहीर कुठं लाजतो? या पोरांना पण लाज नाही. ड्रॅगन म्हणजे ड्रॅगन, डोळा मारणं नाही, मी गंमत करतोय बरं का असं नाही. स्वतःच्या संगीताला ते हॉलिवुड मेटल म्हणायचे, म्हणजे बघ.

पुढची गोष्ट तुला माहीत नसणार कारण तू दुसऱ्या वर्षातच ब्लॅक मेटलकडं पळालास. 'डॉन ऑफ व्हिक्टरी' २००० चा, सगळ्यात जोरात वाजणारा, आणि नाव विजयाचं असलं तरी कथेत सगळा सत्यानाश. 'रेन ऑफ अ थाउजंड फ्लेम्स' २००१ चा, त्यात एका गाण्यात सरळ द्वोर्झाक या जुन्या संगीतकाराची न्यू वर्ल्ड सिम्फनी उचललीये आणि इतकी चपखल बसवलीये की चोरी म्हणवत नाही. २००२ च्या 'पॉवर ऑफ द ड्रॅगनफ्लेम'मध्ये गाथा संपते. माझा लाडका माणूस मात्र योद्धा नाही, दार्गोर. तो अॅक्रॉनच्या बाजूचा सरदार, पण कैद्यांचे हाल बघून त्याचं मन फिरतं आणि तो धन्यावर उलटतो. आपल्याकडं असता तर त्याच्यावर वेगळा पोवाडा झाला असता. २००४ ला नवी गाथा सुरू केली त्यात निवेदक कोण, तर साक्षात ख्रिस्तोफर ली, ड्रॅक्युलावाला! त्याला मेटलची इतकी चटक लागली की पुढं नव्वदीच्या आसपास स्वतःचे मेटल अल्बम काढले. २००६ ला नावाच्या हक्कावरून भानगड होऊन ऱ्हॅप्सडी ऑफ फायर असं नाव घ्यावं लागलं, आणि २०११ ला तुरिली आणि स्टारोपोली वेगळे झाले. भांडण नाही, समजुतीनं. मग दोघांच्या दोन ऱ्हॅप्सड्या. ते वाचलं तेव्हा मला आपल्या रूमची वाटणी आठवली, तू इस्त्री घेतलीस आणि मला स्पीकर दिलेस.

परवा हे सगळं लावून बसलो होतो तर धाकटी आली. अकरा वर्षांची आहे आता. तिनं बुकलेटवरचा ड्रॅगन बघितला, विचारलं हा मरतो का. मी म्हटलं शेवटच्या गाण्यात. म्हणाली मग ते नको लावू, त्याच्या आधीचं परत लाव. म्हणून 'रायडिंग द विंड्स' चार वेळा वाजलं, आणि थारोस आमच्या हॉलमध्ये अजून जिवंत आहे.

एक तुरिली, एक तू, आणि हे तिसरं पोरगं क्रम लावणारं.

तुझ्यासाठी पेनड्राइव्ह पाठवतोय, भावजी पुढच्या महिन्यात हानोव्हरला येतायत त्यांच्याकडं देतो. त्यात दोन फोल्डर आहेत, एक बुकलेटप्रमाणे, एक तुझ्या 'मेटल ३'प्रमाणे. ऑफिसला जाताना सायकलवर आपलावाला लाव. दरवाजे आधीच उघडलेले असतात, वेळ वाचतो.

वहिनींना नमस्कार, आणि आवाज कमी कर म्हणाल्या तर कर, हॉस्टेल नाही ते.

तुझाच,
बाळ्या

ता. क. इस्त्री अजून चालू आहे का?